पलंगाचं माप

४ जानेवारी

प्रिय ताई,

सलाम आधीच घेऊन ठेव, कारण पुढं नुसतं रडगाणं आहे. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की दोन ओळींत डोळे मिटतात, आणि जाग येते तेव्हा कागदावर भुसा पसरलेला असतो.

घरची खबर म्हणजे हिचीच खबर. पाय मागच्या वर्षीच गेले होते, आता हातही चालले. डॉक्टर म्हणतात, हा नसांचा आजार आहे, याला औषध नाही, नुसतं सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं विचारलं तर ते चष्मा पुसायला लागले.

मी मात्र हातावर हात ठेवून बसलेलो नाही. भिंतीला धरून चालता यावं म्हणून कठडा लावला, तर तो लागेपर्यंत तिचं चालणंच थांबलं. मग चाकाची खुर्ची केली, तर मान सावरेना. मानेला आधार केला. जाड दांड्याचा चमचा केला, आणि मी तो घासून गुळगुळीत करतोय तोवर तिच्या मुठीतली ताकद गेली. मी एक पाऊल टाकतो आणि आजार दोन टाकतो. घरभर माझ्या हातच्या बिनकामाच्या वस्तू झाल्या आहेत. आपल्या चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, आता प्रदर्शनच भरवा.

म्हणून ठरवलंय की आजाराच्या पुढं जाऊन उभं राहायचं. असा पलंग करतो की उद्या काहीही होवो, त्यावर सगळं भागेल. उशाकडची बाजू दोरी आणि कप्पीवर वर-खाली होईल. दोन्ही बाजूंना कठडे. खालच्या फळ्या सुट्या, म्हणजे हवा लागेल आणि पाठीला जखमा होणार नाहीत. जन्मभर डुगडुगणार नाही असा. तू सगळं आयुष्य वॉर्डात काढलंस, तेव्हा तो किती उंच हवा ते कळव.

बोलणंही बिघडलंय. जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवलेली बाई, हिचा आवाज शाळेबाहेर रस्त्यावर यायचा. आता तोंडातल्या तोंडात काहीतरी येतं आणि मला उमगत नाही. मी 'हो हो' म्हणतो आणि कामाला लागतो.

बाकी चर्चची घंटा वाजवणारे म्हातारे गेले. त्यांना पुरायची पेटी मीच केली. माझी पद्धत तुला माहीत आहे, पेटीचं माप मी कुणाच्या सांगण्यावर घेत नाही. स्वतः जाऊन डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावणार, मग खांदे, आणि मगच लाकडाला हात. शेजारच्या चर्चच्या मंडळीतला सुतार अंदाजपंचे करतो आणि मग नातेवाइकांना माणसाचे खांदे आवळून बसवावे लागतात. पूर्वी ही माझ्याबरोबर यायची, दाराशी उभी राहून घरच्या बायकांना धीर द्यायची. या वेळी एकटाच गेलो.

रविवारी चर्चला जातो, पण उपदेशाकडे लक्ष नसतं, पुढच्या बाकाचे सांधे बघत बसतो. प्रभूही सुतारच होता ना? मग चांगलं लाकूड असं आतून पोखरू द्यायचं नसतं, हे त्याला कळायला हवं.

तुझा,
ठोक्या


१५ जानेवारी

ठोक्या,

पत्र मिळालं आणि भुसाही मिळाला. पाकीट उघडल्याबरोबर मांडीवर सांडला. माझ्या खोलीतली म्हातारी म्हणाली, 'भाऊ स्वतःलाच थोडा थोडा पाठवतोय की काय?'

इथं या म्हाताऱ्यांच्या घरात आम्ही सगळ्या निवृत्त नर्सेस. अख्खा जन्म दुसऱ्यांना उठवण्या-बसवण्यात गेला आणि आता आम्हालाच कुणी उठवायला लागतं. माझे गुडघे सुजलेत. जेवायला खाली उतरायचं तर खेकड्यासारखी आडवी उतरते. तक्रार करत नाही, नुसतं सांगते. तक्रार करण्याइतकी ताकद असती तर दोन जिने जास्त उतरले असते.

पलंगाचं ऐक. गादीची वरची बाजू तुझ्या मांडीच्या मध्यावर यायला हवी. त्याहून खाली ठेवलास तर तिला उचलता उचलता तुझी कंबर जाईल, मग दोघांना कोण बघणार? कोपरे गोल कर. कठड्याच्या फटीत हात अडकणार नाही एवढं बघ.

आता एक विचारते, चिडू नकोस. तू तिच्यापाशी बसतोस का? 'हो हो म्हणतो आणि कामाला लागतो' हे तूच लिहिलंयस. असले नातेवाईक मी वॉर्डात पोत्यानं बघितले. कुणी फळं आणतं, कुणी पंखा दुरुस्त करतं, कुणी डॉक्टरांशी हुज्जत घालतं. पेशंटच्या तोंडाकडे बघायचं सोडून सगळं करतात. त्यांना मी रागवायचे नाही, बिचारे घाबरलेले असायचे. तुला रागावते, कारण लहानपणापासून तुला रागवायचा हक्क माझा आहे.

देवाशी भांडायचं तर खुशाल भांड. त्याला सवय आहे. पण बाकावर बसून मनातल्या मनात नको. तिच्या खोलीत बसून भांड, म्हणजे मास्तरीणबाईंनाही मध्ये तोंड घालता येईल.

ती काय म्हणते ते पुढच्या पत्रात लिही. तू काय केलंस ते नको.

तुझी ताई


२७ जानेवारी

प्रिय ताई,

उंचीबद्दल आभार. उपदेशाबद्दल नाही. बसून काय होतं ते मला कुणीतरी समजावून सांगा. बसलो की तिच्या हाताकडे लक्ष जातं, मग त्या हातासाठी काय करता येईल ते डोक्यात येतं, आणि मी उठतो. जित्याची खोड आहे, आता कुठं जाणार.

पण आज खुशखबर आहे. गेल्या आठवड्यात दुपारी ती जेवून पडली होती. पलंगाचं माप घ्यायचं राहिलं होतं. जागेपणी घेतलं असतं तर तिला उगाच हलवावं लागलं असतं, म्हणून चपला बाहेर काढल्या आणि टेप घेऊन हळूच आत गेलो. डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं, खांदे मोजले. ती हललीसुद्धा नाही.

आणि तेव्हापासून ताई, तिच्यात फरकच पडलाय. चेहरा निवांत दिसतो. सूप सगळं घेते. आधी माझ्या ठोकाठोकीचा तिला त्रास व्हायचा, आता मी रंधा मारायला लागलो की वर्कशॉपच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा म्हणून डोळ्यांनी खुणावते. परवा माझ्या बाहीवरचा भुसा बघून हसली. खरंखुरं हसली, गालाला खळी पडली. ती खळी कधीपासून बघितली नव्हती.

माझी खात्री आहे, आजाराला उतार पडतोय. डॉक्टरांना काय, पुस्तकात असेल तेवढंच कळतं. पाळकांनी रविवारी सगळ्या मंडळीसमोर तिच्यासाठी प्रार्थना केली होती, त्या प्रार्थनेला यश आलं असेल. मी इतके महिने देवाशी अबोला धरला होता. काल जेवायच्या आधी आपणहून डोळे मिटले. तूही आभार मान.

तिला मध्ये दोन-तीनदा काहीतरी सांगायचं होतं. बोटं माझ्या बाहीशी आणते. मी म्हटलं, एवढं काम होऊ दे, मग निवांत बोलू.

ठोक्या


२९ जानेवारी

प्रिय वन्सं,

माझे हात चालत नाहीत म्हणून पाळकबाई लिहितायत. त्या दर आठवड्याला येतात, खुर्ची ओढून माझ्या तोंडाशी कान आणतात आणि थांबतात. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत चहा निवून जातो, तरी मध्ये शब्द सुचवत नाहीत. मी वर्गात कुठल्याही मुलाला इतका वेळ दिला नसेल.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून दचकू नका, मला तिचा आनंद झालाय.

ह्यांनी माझं माप घेतलं. त्यांना वाटलं मी झोपलेय, पण टेप कपाळाला लागली तेव्हाच जाग आली. आधी डोक्यापासून टाच, मग खांदे. इतक्या घरांत दाराशी उभी राहून मी ते माप बघितलंय, मला वेगळं कुणी सांगायला नको. डोळे उघडले असते तर बिचारे ओशाळले असते. म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं, वर्गात मुलं घ्यायची तसं, एक डोळा किलकिला ठेवून. ह्यांचे हात थरथरत नव्हते. मला त्याचं फार बरं वाटलं.

वन्सं, मरणाची भीती नव्हती असं म्हणणार नाही. श्वास कोंडायची भीती आहे, ती अजून आहे. पण त्याहून जास्त धास्ती मला ह्यांची होती. मी जाईन तेव्हा हे कुठल्यातरी खुर्चीला चाक बसवत असतील आणि कुणीतरी वर्कशॉपात जाऊन हाक मारेल, असंच मला दिसायचं. रोज काहीतरी नवीन करून आणायचे आणि मला ते वापरता यायचं नाही. मग ह्यांचा चेहरा असा उतरायचा की मीच नापास झाले. ह्या घरात मला आजारी पडायची परवानगी होती, मरायची नव्हती.

ते आता संपलं. खिडकीतून रंधा ऐकू येतो. किती सावकाश मारतात. लोकांच्या पेट्यांना इतका वेळ लावलेला मी कधी ऐकला नाही, माझी म्हणून जपून करतायत. ऐकता ऐकता मला झोप लागते. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण खूप दिवसांनी नवरा माझ्याबरोबर आहे असं वाटतंय.

बरं कर असं देवाकडे मागायचं मी केव्हाच सोडलं. मागून मागून दमले. आता सकाळी एवढंच मागते की आजचा दिवस कडू न होता जाऊ दे. कधी मिळतं, कधी नाही.

तुम्ही एक करा. ह्यांना लिहा की तिला माहीत आहे, लाजू नका. मला ह्यांच्याशी चार शब्द बोलायचेत आणि माझ्या आवाजाचा भरवसा नाही. मी सुरुवात केली की म्हणतात, एवढं काम होऊ दे, मग बोलू. पेटी झाल्यावर बोलू म्हणजे काय, वन्सं? तेव्हा मी काय बोलणार?

पाळकबाईंना हसू आवरत नाही आणि रडूही, त्यामुळे अक्षर बिघडतंय. पुरे करते.

तुमची भावजय


८ फेब्रुवारी

ठोक्या,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितेय, आता फाडणार नाही, कारण हात दुखतात.

तुझ्या पाठोपाठ मास्तरीणबाईंचंही पत्र आलं. पाळकबाईंच्या हातचं, बोल तिचे. दोन्ही पत्रं खिशात घेऊन मी दिवसभर घरात फिरत होते. देवाला म्हटलं, हे सांगायला दुसऱ्या कुणाला तरी लाव, मी थकलेय, मी आयुष्यभर हेच केलंय. काही उत्तर आलं नाही. म्हणजे मीच.

तू माप घेतलंस तेव्हा ती जागी होती. डोकं, टाच, खांदे. तुझी पद्धत तिला तोंडपाठ आहे. तिला वाटतंय, तू तिची पेटी करतोयस.

थांब, पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तिला वाईट वाटलेलं नाही. तिला सुटल्यासारखं झालंय. ती निवांत दिसते, सूप घेते, हसते, ते आजाराला उतार पडला म्हणून नाही रे. तू अखेर मान्य केलंस, असं तिला वाटलं म्हणून. खिडकी उघडी ठेवते ती तुझा रंधा ऐकायला. तू तिच्यासाठी शेवटची वस्तू जपून करतोयस, असं समजून ती झोपी जाते.

तिला तुझ्याशी बोलायचंय. आवाज आहे तोवर. ती बोटं तुझ्या बाहीशी आणते ती त्याच्यासाठी. तिचं बोलणं पाळकबाईंना कळतं आणि तुला कळत नाही. त्यांचे कान काही देवदूताचे नाहीत. त्या बसतात, एवढंच.

रागावशील, रागाव. पण एक सांगते. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनं आपल्या शिष्यांकडं काय मागितलं होतं? मला सोडवा, असं नाही. माझ्यापाशी थांबा, जागे राहा, एवढंच मागितलं. ते झोपले. आणि धरायला लोक आले तेव्हा त्यांच्यातला एक उठला आणि त्यानं तलवार काढली. म्हणजे थांबणं सोडून सगळं केलं. मला तो माणूस नेहमी ओळखीचा वाटतो. प्रभूनंही आधी देवाकडे हे टळू दे असंच मागितलं होतं, ठोक्या. टळलं नाही. मग तुझ्या दोरीनं आणि कप्पीनं कसं टळेल?

तिला खरं सांग. पलंग आहे म्हणून सांग. पण त्याच्या आधी तिचं ऐक.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तू हे लिहायला नको होतंस. लिहिलंस तर पोस्टात टाकायला नको होतंस.

मी माझ्या बायकोची पेटी करतोय असं तिला वाटलंच कसं? आणि वाटलं तर ती हसली कशी? पाळकबाईंनी काहीतरी उलटसुलट ऐकलं असणार. तिचं बोलणं आम्हाला घरात राहून कळत नाही, त्यांना तासाभरात कळतं होय?

पलंग होत आला. येत्या शनिवारी चर्चमधली चार माणसं येऊन आत ठेवणार. तो बघितला की तिला कळेल की मी तिला सोडलेलं नाही. मग कुणाचं खरं ते बघू. तोवर तुझी बाग आणि तलवार तुझ्यापाशीच राहू दे.

दोरी बसवायची राहिली आहे. वेळ नाही.

ठोक्या


१८ फेब्रुवारी

ठोक्या,

शनिवारपूर्वी हे पोचेल की नाही, माहीत नाही. गुडघे धड असते तर पत्राऐवजी मीच आले असते आणि दारात आडवी पडले असते.

पलंगाच्या आधी तू आत जा. चिडलेला असशील तर चिडलेलाच जा.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

तुझी चिठ्ठी सोमवारी मिळाली. पलंग शनिवारीच आत गेला होता.

काय झालं ते सांगतो. चौघांनी उचलून आणला. दाराच्या चौकटीला घासला म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. पाळकबाई तिच्यापाशी बसल्या होत्या. पलंग ठेवला, मी दोरी ओढून उशाची बाजू वर करून दाखवली, खाली करून दाखवली, कठडा उघडून दाखवला. जाहिरातवाल्यासारखं बोलत होतो. ती पलंगाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली.

मी म्हटलं, 'हो हो, आता गादी घालतो.' ती पुन्हा तेच म्हणाली. पाळकबाईंनी तोंड उघडलं, त्यांना कळलं होतं. आणि का कुणास ठाऊक, मी म्हटलं, 'तुम्ही सांगू नका.' माणसांना बाहेर जायला सांगितलं. पाळकबाईंच्या खुर्चीवर बसलो आणि कान तिच्या तोंडाशी नेला. ताई, मला तिसऱ्यांदाही कळलं नाही. चौथ्यांदा कळलं. ती विचारत होती, 'पेटी कुठंय?'

मी म्हटलं, 'पेटी नाही गं. माप ह्या पलंगाचं होतं.'

ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला, श्वास अडकला, चेहरा काळानिळा झाला. मी तिला उठवून धरलं, पाठ चोळली. काय करायचं असतं ते तू मागं कधीतरी सांगितलं होतंस, पण त्या वेळी काहीही आठवलं नाही, नुसता धरून बसलो. श्वास परत आला. मग ती रडायला लागली. डोळे पुसायला तिला हात नाहीत, मी पुसले. त्यानंतर ती जे बोलली ते मला पहिल्याच फटक्यात कळलं. म्हणाली, 'मला वाटलं, तुम्ही मला जाऊ देताय.'

मी तिचा हात हातात घेतला. काय बोलणार? मला वाटत होतं मी तिला धरून ठेवतोय, आणि मापाच्या आधी तिला वाटत होतं मी तिला एकटं टाकून खोलीबाहेर काम करतोय. दोन्ही खरंच होतं.

त्या दिवशी वर्कशॉपात गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोघंही बसून राहिलो. खुर्चीत माझी पाठ भरून आली, हातांना काय करावं कळेना, नखं खाल्ली. तिनं चार-पाच गोष्टी सांगितल्या. श्वास कोंडेल तेव्हा मी खोलीत हवा. तिचे जुने विद्यार्थी भेटायला आले तर त्यांना बाहेर काढायचं नाही, तोंडातून लाळ गळत असली तरी. आणि एक गोष्ट तुला सांगायची नाही म्हणाली, ती आमच्यातच राहू दे.

मी म्हटलं, मला देवाचा राग येतो. ती म्हणाली, 'मला पण.' मी थक्कच झालो. म्हटलं, मग रोज सकाळी प्रार्थना कशी करतेस? म्हणाली, 'रागानंच.'

पलंग वापरतोय. चांगला झालाय, पाठ दुखत नाही म्हणते. पण दोन्ही बाजूंच्या कठड्यांनी ती फडताळात ठेवल्यासारखी दिसायला लागली. मला तिच्याजवळ टेकताच येईना. माप फक्त तिचं घेतलं होतं. म्हणून खिडकीकडचा कठडा कापून टाकला. बाकी कशाला हत्यार लावलेलं नाही.

मला एक कळव. ती बरी होणार नाही, हे मी आता तोंडानं म्हणू शकतो. मग विश्वास कशावर ठेवायचा? मी हे पाळकांना विचारत नाही, तुला विचारतोय.

ठोक्या


१० मार्च

ठोक्या,

पत्र वाचून मी इतकी रडले की खोलीतल्या म्हातारीनं घंटा वाजवून नर्सला बोलावलं. नर्स म्हणजे कालची पोर, माझी नाडी बघायला लागली. तिला म्हटलं, बाई, नाडी ठीक आहे, भाऊ शहाणा झालाय.

विश्वास कशावर ठेवायचा म्हणतोस. मला नीट ठाऊक नाही. मी थकलेय रे, आणि थकलेल्या माणसाला मोठं काही सुचत नाही. इतक्या खाटांपाशी उभी राहिले. देवानं थांबवावं म्हणून मीही कित्येकदा मागितलं आणि त्यानं थांबवलं नाही. का, ते मला कळलेलं नाही. वर गेल्यावर विचारायचं ठरवलंय, आणि उत्तर पटलं नाही तर तसं तोंडावर सांगणार आहे. पण एवढं मात्र वाटत आलं, की तो उठून गेला नाही. सगळे गेल्यावर, दिवे मंद केल्यावरही खोलीत कुणीतरी बसलेलं आहे असं वाटायचं. माझा विश्वास म्हणशील तर तेवढाच आहे. फार नाही, पण मला पुरला.

आता नर्स म्हणून बोलते. पेटीचं काय ते आताच बघून ठेव. वेळ आल्यावर धावपळ करू नये. मला माहीत आहे तूच करशील, दुसऱ्या कुणाचं काम तुला जन्मात पटलेलं नाही. लाकूड चांगलं घे आणि सावकाश कर. तिला त्या रंध्याचा आवाज आवडायचाच.

मास्तरीणबाईंना म्हणावं, जी गोष्ट मला सांगायची नाही ती काय आहे हे मला ठाऊक आहे. ठाऊक नाहीये, पण म्हणून बघ, काय म्हणते ते.

ताई


२१ मार्च

प्रिय ताई,

तुझा निरोप दिला. 'वन्सं थापा मारतायत' म्हणाली. हे मला एकदाच ऐकून कळलं.

पेटीचं तू लिहिलंस तसंच मलाही वाटत होतं. एवढ्या लोकांच्या केल्या, हिची मी नाही करायची तर कुणी? चांगल्या फळ्याही काढून ठेवल्या होत्या. एका सकाळी तिला सांगून वर्कशॉपात गेलो आणि पहिलीच फळी रंधायला घेतली. जीव रमला, खोटं बोलत नाही. हात आपोआप चालत होते आणि डोक्याला बरं वाटत होतं. परत आत आलो तर दुपार टळून गेली होती. पाळकबाई म्हणाल्या, आज ती बोलली होती. दोन वाक्यं. पाळकबाई ती मला सांगायला लागल्या, पण तिनं मान हलवली. ती वाक्यं माझ्यासाठी होती आणि दुसऱ्याच्या तोंडून तिला ती द्यायची नव्हती. पुन्हा म्हणून बघितलं तिनं, पण तोवर दम संपला होता. ती काय होती, ते मला कळलेलं नाही.

ताई, आता दिवसाला एवढंच उरलंय. सकाळी थोडं, कधी दुपारी एखादं वाक्य, आणि कधी तेही नाही. 

म्हणून शेजारच्या मंडळीतल्या त्या सुताराला निरोप धाडला. काल येऊन गेला. अंदाजानंच करणार, मला माहीत आहे. सांधेही ढिले असतील. जिभेवर आलं होतं, गिळलं. फळ्या माझ्याच घेऊन जा म्हटलं, तेवढं त्यानं ऐकलं. तो गेल्यावर ही माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, 'खांदे आवळून बसवेल तुला.' तिला हसू आलं, पण आम्ही दोघंही जपून हसलो.

वर्कशॉपला कुलूप लावलंय. हात रिकामे असतात, त्याचा त्रास होतो. प्रार्थना करता येत नाही, पण ती करते तेव्हा मी शेजारी असतो. राग आहेच, तो कुठं गेलेला नाही. थकवा इतका आहे की कधी कधी बसल्या बसल्या डोळा लागतो आणि मी दचकून उठून आधी तिचे ओठ बघतो.

हे पत्र तिच्या पलंगाच्या कडेवर कागद ठेवून लिहितोय. थांबतो इथंच. ती काहीतरी म्हणतेय.